अस्तर

गच्चीवर पाच तुकडे मांडले,
प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं भाव.
पीव्हीसी, चार एमएमचा प्लाय, ॲल्युमिनियमची शीट,
बांबूच्या चटईचा बोर्ड,
आणि लकडगंजच्या लालजीभाईंनी फुकट दिलेली सागाची फळी,
"फक्त पाहून घ्या ताई, घेऊ नका,
तुमची गाडी ओढणार नाही."

मे महिना. नागपूर. जास्त सांगत नाही.
दुपारी तीनला पीव्हीसीनं पापडासारखी मान उचलली.
ॲल्युमिनियमला लावलं ते बोट अजून दुखतं.
प्लायला वास सुटला, शाळेतल्या नव्या बाकाचा.
बांबू तेवढा पडून राहिला,
त्याचं हे रोजचंच असल्यासारखा.

मी चाळीस वर्षं ब्लाऊज शिवले, सक्करदऱ्यात.
अस्तराचं मला कुणी सांगू नये.
वरचं कापड दुनियेसाठी,
अस्तर घामासाठी.
ते आधी भिजवून आटवून घ्यायचं,
नाहीतर पहिल्याच धुण्यात काखेत ओढतं.
म्हणून तर हे गच्चीवरचं ऊन.

यांची तऱ्हा वेगळी.
प्रत्येक तुकड्यावर पेरानं टकटक,
मग कान लावून उभे.
मालगाडीचे गार्ड होते, अजनीहून.
गाडीच्या शेपटाला पत्र्याचा डबा, डब्यात एकटा माणूस,
आमला, बडनेरा, बल्लारशा,
एकतीस वर्षं तो पत्रा यांच्या दातांत वाजला,
आणि मला वाटायचं, झोपेत दात खातात
ते जंतांमुळे.

"हे वाजून नाही राह्यलं,"
बांबूवर तळवा ठेवून म्हणाले. एवढंच.

मला पुसायला सोपं हवं होतं.
फोडणीचं तेल विणीत शिरतं, मग निघत नाही बापा.
भांडायला तोंड उघडलं होतं.

खेमराज सुतारानं आठ दिवस लावले,
पत्रा, थर्माकोल, मग चटई.
पलंगाच्या उशाला बोर्ड दोन वीत कमी पडला.
"उद्या तुकडा आणून मारतो," म्हणाला, तो उद्या गेला कळमेश्वरला.
तिथं मी ब्लाऊजांच्या उरलेल्या अस्तरांची गादी शिवून ठोकली,
पोपटी, राणी, हळदी,
कुणाकुणाच्या पाठीचे रंग.

गाडी अजून कुठंच गेली नाही.
गल्लीत उभी, चाकांना विटा.
जेवण झालं की हे आत जाऊन झोपतात.
मी दार मोजून पाहिलं,
कुलर तीन बोटांनी अडतो.