साफी

जाफर हाजींनी मासा काउंटरवर ठेवला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला. म्हणाले, तपास.

सित्राच्या उथळ पाण्यात त्यांचा हदरा आहे, आजोबांच्या वेळचा.
आमच्या खाडीतल्या डोलीसारखंच काम:
ओहोटी पाणी घेऊन जाते, मासा राहतो.
वाऱ्याची दिशा बदलली की रिफायनरीचा वास
त्यांच्या फेट्यातून येतो.

मासा साफी. अरबीत अर्थ स्वच्छ,
आपल्या ‘साफ’चा थोरला भाऊ.
पाठीचे काटे विषारी, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं,
म्हणून मी आधी ते छाटले.
बाकीच्या विषाला काटा नसतो.

ग्रॅमभर मांस, ग्रॅमभर यकृत,
वर नायट्रिक. तापवलं.
दुपारपर्यंत माशाचं पाणी झालं,
आणि यंत्र वाचू लागलं वाण्याच्या वहीसारखं:
शिसं, कॅडमियम, पारा,
शेवाळाच्या घासागणिक चिमूट चिमूट.
नुसतं जमा. खर्च कधीच नाही.
आमच्या आईला असाच मुलगा हवा होता.

हाजी बाकावर तसबीह फिरवत बसलेले.
कागद दिला, तो त्यांनी उलटाही करून पाहिला.
‘खाऊ का?’
कागदावर हा रकाना नव्हता.
म्हटलं, डोकं नको, काळीज नको,
रोज रोज नको.
‘आणि नातू?’
मी यंत्राकडे बघितलं.

‘बरं. मग माझा मासा परत दे.’

मी काचेची नळी पुढे केली.
त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली,
बराच वेळ.
पाणी इतकं नितळ की पलीकडचा रस्ता दिसत होता,
एक पाण्याचा टँकर, एक सायकल.
‘साफी,’ म्हणाले,
आणि हसले.

जाताना गाडीतून दुसरं पुडकं आणलं.
हा तुझ्यासाठी. पहाटेचाच आहे.
पाहुण्याला कोण देतं घरचं?

नाही म्हणायला मला अरबी येतं.
त्या वेळी आलं नाही.

खोलीवर मुराद म्हणाला, तिरफळं संपलीत.
मी मोरीत बसून पोट फाडलं.
यकृत निघालं नखाएवढं,
नळाखाली धरून राहिलो, जणू धुऊन जाईल.

तेवढ्यात फोन. आई.
मासा कुठला?
हाजींच्या हदऱ्यातला.
म्हणाली, वळखीचा हाय ना? मग बरा.
आपल्या खाडीत आता कालवंपण कुणी काढीत नाय.

वळखीचा आहे, म्हटलं.
आतून सुद्धा.

मुरादने हाक मारली,
तवा तापला होता.