पांढरा सुटा

वसमतच्या मोंढ्याकडं वळताना
डाव्या हाताला आमचं दुकान होतं, सहा बाय आठ.
वह्या, पाट्या, शाईच्या पुड्या
आणि काचेच्या बरणीत सुटे मेणखडू,
चार आण्याला एक.
अख्खी पेटी फक्त तहसीलदाराचं लेकरू न्यायचं,
तेही बदली होऊन गेलं.

काळा सगळ्यात आधी संपायचा.
आमच्याकडं जमीन काळी.
पुस्तकात ती हिरवी छापलेली असली
तरी लेकरं पुस्तकाचं ऐकत नव्हती.
गुरुजींनी सांगितलं म्हणून दोन डोंगर काढायची,
मग विचारायची, "गुरुजी, हे असतेत कुठं?"

उन्हाळ्यात पत्रा तापला
की बरणीतले खडू मऊ पडायचे,
लाल निळ्याच्या गळ्यात.
मन्मथअप्पा, म्हणजे माझे वडील,
बरणी ओल्या फडक्यात गुंडाळून
माठाच्या तिवईखाली ठेवायचे,
ताप आलेल्या लेकरासारखी.
मोडके तुकडे ते पळीत वितळवायचे,
बोरूच्या नळीत ओतायचे.
निघायचा तो बिननावाचा रंग.
आम्ही त्याला काला म्हणायचो.
तो फुकट.

अप्पांना इतिहास सांगायची खोड.
"पहिला खडू चुलीतनं निघाला," म्हणायचे, "कोळसा.
मग गेरू, मग चुना,
मग शिमग्याला पळसाची फुलं,
धोब्याची खूण बिब्ब्याची.
मग कुणी शहाण्यानं मेणात रंग कालवला
आणि त्याला कागदाची बंडी घातली.
हे मेण माशीचं नाही बरं,
रॉकेलच्या भावकीतलं."
यातलं खरं किती, ते मी विचारलं नाही.
मी तेव्हा बंडी सोलत असायचो,
नखात मेण, नाकात तो वास.

पांढरा तेवढा पडून राहायचा.
पांढऱ्या कागदावर पांढरा, घेणार कोण?
बिस्किटाचा एक डबा नुसत्या पांढऱ्यांनी भरला होता.

मग दैवशाला आली,
हळदीच्या वखारीतल्या लिंबाजी हमालाची,
चौथीतली, मुठीत चार आणे.
"पांढरा द्या."
"बाई, तो दिसत नाही. पिवळा ने."
"पिवळा हाय की घरी."

दुसऱ्या दिवशी फळीवर तिनं कागद ठेवला, कोरा.
तांब्यातलं पाणी हळू सोडलं:
बाप अंग धुतो तेव्हा
मोरीत जातं ते पाणी.
कागद पिवळा होत गेला
आणि मेणानं जिथं पाणी झटकलं
तिथं एक सदरा उघडा पडला,
बाह्या, कॉलर, खिसा,
खिशाला पेन.

लिंबाजीच्या पापण्यासुद्धा पिवळ्या असायच्या.
त्याचा पांढरा सदरा आम्ही कुणी पाहिला नव्हता.
तिनं तरी कुठं पाहिला?

अप्पा काही बोलले नाहीत.
फळीवरचा डाग त्यांनी पुसला नाही.
आठ दिवसांत बिस्किटाचा डबा रिकामा झाला
आणि गावातल्या आयांनी
हळदीचे डबे वरच्या फळीवर सरकवले.

आता त्या जागेत मोबाईलवाला आहे.
मी अधूनमधून बारा रंगांची पेटी आणतो.
नातीसाठी, असं दुकानदाराला सांगतो.
नात पुण्याला असते.
दुपारी पंख्याखाली बसून
खालून सुरुवात करतो, काळ्यानं, जमिनीपासून.
दाबून घासतो, रेघेबाहेर जातो,
कुणी रागवत नाही.
खडू बोटाएवढा उरला
की बंडी काढून आडवा फिरवतो.

परवा एका कागदावर
पांढऱ्यानं काही काढून ठेवलंय.
काय काढलं ते मला माहीत आहे,
तरी उजेडाकडं धरून बघतो.
हळद अजून टाकलेली नाही.