चौकट नंबर नऊ

सुतळीचा चौकोन, मीटर बाय मीटर.
चार खुंट्या. त्यातली एक साळिंदरानं उखडलेली.
अकरा वर्षांपूर्वी इथं खरपुडीच्या तेवीस वेली होत्या,
वहीत, माझ्याच अक्षरात, शाई फुटलेली.
आज गुडघे टेकून गवत विंचरतो
आणि लिहितो : दोन.
मग त्यातल्या एकीवर शंका येते. तीही लिहितो.

जसमाय दारसिंबे दगडावर बसून तंबाखू मळते.
रोजंदारीवर आहे, माझ्यासारखीच,
फक्त तिला पान न उलटता वेल ओळखू येते.
"वर चाल," म्हणते, "इथले गेले."

वर म्हणजे आणखी दोनशे मीटर.
मेळघाटाच्या धारेवर मोबाइल
मध्य प्रदेशात माझं स्वागत करतो.
आणि कड्याच्या ओठाशी,
जिथं आम्ही कधी चौकट मारलीच नाही,
खरपुडी. कोवळी. कुसळीला धरून,
हिरवट कंदील एवढे एवढे.

मी म्हणालो, बघ, चढून आली!

ती हसली नाही.
"चढत नाही बाबू ते. त्याले पाय हायेत का?
खालचं मरते, वरचं उगोते.
तू दोघायले एकच नाव देतं
म्हनून तुले चालल्यावानी दिसते."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

तिचं गाव पठाराच्या पोटात होतं.
वाघासाठी उठवलं, ट्रक भरून अकोटकडे,
सपाटीवर, मे महिन्यात
पत्र्याला बोट लावता येत नाही तिथं.
सासू पहिल्याच उन्हाळ्यात गेली.
नातू तिथलाच. त्याला तूर कळते,
मोहाचा वास आला की विचारतो, काय सडलं?
हे ती सांगत नाही,
थुंकता थुंकता सुटून जातं.

माथा इथून चाळीस पावलं.
मोजली मी.
पुढं नुसता वारा
आणि एक घार, जिला मुळं नाहीत.

उतरताना तिनं आगाप पिकलेली एक शेंग सोलली.
रेशमी म्हाताऱ्या तळहातावर.
दरीतून वारा वर येत होता;
तो पडेपर्यंत मूठ मिटून उभी राहिली.
मग नऊ नंबरापाशी वाकून
एकेक बी बोटानं दाबलं, दगडाच्या सावलीला.

तिथं नाही टिकायचं, मी म्हणालो.
"एखांदं राहीन."

मी वही पिशवीत टाकली
आणि उखडलेली खुंटी पुन्हा ठोकली.