तिसरी गोळी

तिसरीच अडते, मास्तर, नेहमी तिसरीच,
असं म्हणत सुलक्षानं पिस्तूल टेबलावर ठेवलं,
नळी भिंतीकडे, मॅगझिन बाहेर, चेंबर उघडं,
शिकवलं होतं तसं. एवढं मला पुरे होतं
तिच्यावर न ओरडायला.
(नंतर ओरडलो.)

फोंड्याची रेंज. डिसेंबर. सकाळचे सात.
टेकडीखालून पोदेराचा भोंगा.
माझा उजवा कान ब्याण्णव सालापासून बंद,
तेव्हा ती काय म्हणाली ते मी दोनदा विचारलं.
तिसरीच, मास्तर.

पिस्तूल खोटं बोलत नाही.
माणूस बोलतो: मनगट घट्ट होतं, साफ केलं होतं, डबा नवाच फोडलाय.
म्हणून मी आधी अडकलेली गोळी मागून घेतो.
हिचं नाक खाली दबलेलं,
शिशावर नखाएवढी चंद्रकोर.
म्हणजे वर यायला उशीर झाला.
रायबंदरच्या फेरीसारखं,
फळी उचलली
आणि माणूस अजून धक्क्यावर.

मॅगझिनचे ओठ उजेडाकडे धरून पाहिले. सरळ.
स्प्रिंग नवीच्या शेजारी उभी केली. तेवढीच.
चेंबरातून चिंधी फिरवली, काळी आली,
पण ती सगळ्यांचीच येते.
दुसऱ्या मॅगझिननं पाचही गेल्या, धडाधड.
पिस्तूल सुटलं, मनगटही सुटलं,
उरलं हे एक,
बुडाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका असलेलं.

"आणि दुपारी?"
"दुपारी नाही अडत."

ह्यावर मी चष्मा काढला.
उन्हं चढल्यावर बरं होणारं दुखणं
लोखंडाचं नसतं.

तळाची पट्टी सरकवली, अंगठा स्प्रिंगवर दाबून.
आतला तुकडा बाहेर आला सावकाश,
शाळेला उठवलेल्या पोरासारखा.
कडेकडेनं पांढरं काहीतरी, मेणासारखं.
बोटावर घेतलं. बोटावर विरघळलं.
आणि बंदुकीच्या दारूच्या त्या वासात
एकदम कुणाचं तरी स्वयंपाकघर.

खोबरेल.

"घरी नेलं होतंस?"
ती बुटांकडे बघत राहिली.
रिकामं मॅगझिनसुद्धा घरी न्यायचं नसतं, तिला ठाऊक आहे.
"पप्पांनी पुसून दिलं. म्हणाले, लोखंडाला तेल लागतंच."

आनू वेळीप, केपेंचा पाडेली.
एकदाच पाहिलाय मी त्याला, कुंपणाबाहेर,
पावलांच्या आत माडानं घासून केलेले घट्टे,
आणि हात सारखा कमरेवर, जिथं त्या दिवशी कोयता नव्हता.
चाळीस वर्षं त्या कोयत्याला हेच तेल.
माडाच्या शेंड्यावर
काही अडून चालत नाही.
हेच गुडघ्यांना, हेच पोरीच्या केसांना,
मग तिच्या ह्या नव्या हत्याराला दुसरं काय लावणार?
डिसेंबरात बाटली चुलीपाशी ठेवतात,
हे तर त्यालाही ठाऊक.
मॅगझिन कोण ठेवतं चुलीपाशी?

रॉकेलात बुडवलं, जुन्या टूथब्रशनं घासलं,
खिडकीत वाऱ्यावर वाळवलं. आत कोरडंच ठेवलं.
मॅगझिनच्या पोटात तेल घालत नाहीत, कुठलंच.
मग राहिलेलं ओरडून घेतलं,
नियमाबद्दल.
तेलाबद्दल नाही.

"पप्पांना सांगू नका."
"काय सांगणार? थंडी होती म्हणेन."

ती उभी राहिली. डावा खांदा खाली, हवा तसा.
मी डावा कान तिच्याकडे करून बसलो.
लोक छिद्रं मोजतात, मी फरशीवर पडणाऱ्या पुंगळ्या.
एक.
दोन.
आणि पोदेराचा भोंगा परत जाताना वाजला,
अगदी खिडकीखाली,
काही ऐकूच आलं नाही.
चौथी.
पाचवी.