पाण्यात बुडतं ते चांगलं

व्हर्लिन मॉडेस्ट माझ्या डाव्या हाताला बसते,
जायफळाच्या गोदामात, लांब लाकडी बाकावर.
बुडाखाली चौघडी केलेला जुना ट्रॅकसूट.
त्याच्या पाठीवर देशाचं नाव होतं.
सातांतली तीन अक्षरं उरलीत,
बाकीची बसून बसून गेली.

आमच्या ग्वाव गावात पिस्तूल नव्हतं.
अल्फियस मास्तर शंख फुंकायचे,
होड्या लागल्या की कोळी फुंकतात तोच.
पोरी सुटायच्या,
आणि निम्मं गाव टोपल्या घेऊन
मैदानात हजर. मासळी कुठंय?
मासळी नव्हती. व्हर्लिन होती,
अनवाणी, दुसऱ्या टोकाला कधीच पोचलेली.

बेट आमचं एवढंसं.
पळता भुई थोडी, ते इथं अगदी शब्दशः:
शंभर मीटर सपाटी, पुढं समुद्र.
म्हणून मी दोनशेला उतरले नाही, ती सांगते.
खोटं आहे. वळणावर तिचा डावा गुडघा
बोंब मारायचा, ते मास्तरांना आणि मला माहीत.

अकरा वर्षांची झळाळती कारकीर्द, पेपरात आलं होतं.
एका दुपारी पोत्याच्या चिठ्ठीमागं मी हिशेब मांडला:
एकशे नव्वद शर्यती, प्राथमिक फेऱ्यांसकट,
म्हणजे एकूण पस्तीस मिनिटं.
आपली जेवणाची सुट्टी याहून मोठी आहे, व्हर्लिन.
तिनं कागद बघितला, परत दिला.
म्हणाली, वॉर्म-अप धरला नाहीस.

कधी कधी पोती रंगवायचं काम तिच्याकडं येतं.
पत्र्याचा साचा, काळी शाई:
हॅम्बर्ग. अँटवर्प. रॉटरडॅम.
रॉटरडॅमला ब्रश जरा रेंगाळतो.
तिथं ती चार शतांश सेकंदांनी जिंकली होती.
काय बघितलंस गं तिथं, मी विचारलं.
लेन पाच, म्हणाली. आणि पाऊस.
आणि शेजारणीच्या मानेवरचा तीळ,
साठ मीटरपर्यंत.
पुढं तो दिसला नाही.

मग एका मे महिन्यात मांडीमागं काहीतरी तुटलं.
आवाज आला, ती म्हणते, ओली फांदी मोडल्यासारखा,
आणि मी मागं वळून बघितलं, कुणाचं काय मोडलं म्हणून.
सरकारनं जमीन दिली, मंत्र्यानं फीत कापली.
जमीन अशा चढावर
की बकरीसुद्धा दोनदा थांबून जाते.

इथं आली त्या आठवड्यात तिला पाण्याच्या हौदावर ठेवलं होतं.
परीक्षा सोपी: कवच फोडायचं, गर पाण्यात टाकायचा.
बुडला तर चांगला, जहाजावर चढतो.
तरंगला तर पोकळ, तेलाच्या भट्टीला.
तिला पटेचना.
हलकं ते वाईट?
आयुष्यभर मास्तर एकच ओरडले होते,
हलकी हो, पोरी, भुईला कळू देऊ नकोस तू आहेस!
तरंगणारं एक जायफळ तिनं
अंगठ्यानं पाण्याखाली दाबून धरलं,
बराच वेळ.
मुकादम बघत होता. मीही.
सोडलं तसं ते वर आलं.
तिनं ते खिशात टाकलं. चोरीच ती,
पण कोण बोलणार.

आता वजन वाढलंय तिचं. माझंही.
नातू विचारतो, आजी, तू खरंच पळायचीस?
ती त्याला पदक दाखवत नाही,
तो मागतो ते दाखवते: नखं नसलेले दोन अंगठे.

संध्याकाळी चारच्या सुमाराला खाली किनाऱ्यावर शंख वाजतो.
सगळ्या बायका माना वर करतात, पैसे मोजतात.
तिच्या टाचा उचलल्या जातात.
बाकाखाली, आपोआप, जुन्या चपलांतून.
बाक हलतं,
माझा निवडलेला ढीग जमिनीवर सांडतो.
आठवड्यातून तीनदा तरी.
ट्यूना असेल, ती म्हणते, समोर बघत.
असेल, मी म्हणते,
आणि वाकून वेचायला लागते.