आगू

मामाजींच्या वहीचं पहिलं पान
एकाच शब्दासाठी राखलेलं होतं.
शब्द काही ठरला नव्हता.
अर्थ तेवढा लिहिलेला, लाल शाईनं:
थांब.

विहीर खणायला नदीपल्याडची माणसं आली होती,
माझ्या लग्नाच्या नऊ वर्षं आधी.
यारीच्या दांड्यावर मामाजी,
खाली तीस हातांवर यंकय्या,
मधे दगडांचं टोपलं, झोके खाणारं.
खालून यंकय्या ओरडला, आगू! आगू!
त्याच्या तेलुगूत आगू म्हणजे थांब.
आमच्या गावात आगू म्हणजे पुढं.
मामाजींनी दांडा पुढं फिरवला.
माणूस इतका ओरडतोय म्हणून
आणखी जोरानं फिरवला.

यंकय्याचा डावा पाय घोट्याखाली राहिला नाही.
विहिरीला पाणी लागलं. गोड.

तेव्हापासून टपाल वाटून आले
की मामाजी जगाची भाषा बनवत बसायचे.
एका वस्तूला एकच नाव,
मग विहीर कोणाची का असेना,
दोरावर हात कोणाचा का असेना.
नवा शब्द जुळला की शनिवारच्या बाजारात न्यायचे,
बंगाली मासेवाल्याला ऐकवायचे, बैलांच्या हेड्याला,
जंगूबाई आत्रामला.
कोणीतरी हसायचंच.
‘थांब’साठी काढलेला एक शब्द ऐकून
जंगूबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली
की तिची चारोळी सांडली.
अर्थ काही केल्या सांगेना.
वहीत तो शब्द खोडलेला आहे,
समासात शेरा: बायकांसमोर नको.

मी अकोटकडची.
पहिल्याच आठवड्यात म्हटलं, उलीसक मीठ द्या,
तर नणंदा घरभर उलीसक, उलीसक करत फिरल्या.
दिवाळीपर्यंत मी मीठ
त्यांच्या शब्दात मागायला लागले.
कोणी रागावलं नव्हतं. नुसते हसले होते.

एकदा मामाजींनी विचारलं,
सूनबाई, साऱ्या जगाची एकच भाषा झाली
तर बरं होईल ना?
मी भाकर थापत होते. म्हटलं, कोणाची?
म्हणाले, कोणाचीच नाही.
म्हटलं, मग सारं जगच सासरी जाईल, मामाजी.

बोलून गेले खरी,
पण तेवढ्यात अंगणातून यंकय्या गेला,
काठी, पाय, काठी, पाय,
आणि माझं उत्तर मलाच तोकडं वाटलं.

सकाळी वहीत उलीसक होतं.
क्रमांक दोनशे चौदा.
अर्थाच्या रकान्यात: सूनबाईला विचारणे.
मला तरी कुठं सांगता आलं.
थोडं नाही. जरासं नाही.
माय चिमटीत धरायची, तेवढं.

यंकय्या परत गेलाच नाही.
चावडीमागं अंबाडीचे दोर वळायचा,
गुरं अंगावर आली की ओरडायचा, आगू!
गुरं थांबायची.
त्यांना कुठं मराठी येत होती.
मग गुराखी पोरं तसंच ओरडायला लागली,
मग पोरांच्या आया,
मग साडेपाचच्या बसचा कंडक्टर.
आता आमच्याकडं आगू म्हणजे पुढं
आणि आगू म्हणजे थांब.
लांबवलं तर जा, तोडलं तर उभा राहा.
शेजारच्या गावाला हे जमत नाही.
त्यांचे पाहुणे आमच्या फाट्यावर
एक पाय उचलून उभे असतात.

मामाजी गेले, यंकय्या गेला.
वहीत तीनशे सात शब्द. पहिलं पान तसंच.

परवा सुनंदाचा फोन आला हैदराबादहून,
नर्सिंगला आहे ती तिथं.
म्हणाली, आई, रस्ता ओलांडत होते,
मागून कोणीतरी म्हातारा ओरडला, आगू!
तोडून. आपल्यासारखं.
मी थांबले.
समोरून टँकर गेला, ओढणी उडाली बघ.

माझ्या घशात आवाजच नव्हता.
कसंबसं म्हटलं, आगू.
म्हणजे, सांग ना पुढं.

फोनवर कुठं कळतं लांबवलेलं की तोडलेलं.
ती गप्पच झाली.