प

बुधवारी कारखाना सुटला की आम्ही
तबिथाबाईंच्या ओटीवर जमतो,
वेंगुर्ल्याचा रस्ता बंदराकडे उतरू लागतो तिथे.
सात-आठ माणसं, एक सतरंजी,
दमट हवेने घसा बसलेली पेटी.
गाणं झालं की गोल करून हात धरायचे
आणि एकामागून एक प्रार्थना करायची.
नसेल करायची तर शेजारचा हात दाबायचा:
माझं नाही, पुढे.

अकरा वर्षं मी हात दाबत आले.
सिलासमामांना त्याची इतकी सवय
की माझी पाळी आली
की तेच घसा खाकरतात.

कारण कोणाला सांगितलं नाही.
मला प अडतो.
लहानपणी पाणी मागताना तांब्या दाखवायचे,
पेज हवी असली तरी भात म्हणायचे,
पाचाचा पाढा बाईंनी
माझ्याकडून कधी पुरा करून घेतला नाही.
बाकी अक्षरं ठीक. कारखान्यात
माझंच तोंड सगळ्यांत मोठं, मुकादमाला विचारा.

पण इथे काय करायचं?
पित्या. प्रभू. परमेश्वरा. पवित्र.
पुत्र. पाप. पश्चात्ताप, त्यात तर दोन.
देवा म्हणता येतं, हो.
पण देवा म्हणून झाल्यावर पुढे?
पुढच्या पायरीवर तोच बसलेला.
ओठ मिटतात ते मिटलेच,
होडी रेतीत रुतावी तसे.

नथानिएलकाका, निवृत्त कंपाऊंडर,
त्यांची प्रार्थना सरकारपासून निघते
आणि मच्छीमार, डॉक्टर, दहावीची मुलं करत
कुठल्याशा दुष्काळी देशात पोचते.
मी डोळे मिटून त्यांचे प मोजायचे.
एकदा त्रेसष्ट भरले.
हेवा वाटला. प्रार्थनेत बसून हेवा!
त्याची क्षमा मागायची तर सुरुवात पुन्हा तिथूनच.

मनातल्या मनात बोलते, नाही असं नाही.
राख लावलेल्या बोटांनी काजू फोडताना,
खटका दाबत:
आज चीक उडू देऊ नको,
आज पगाराचं त्याला आठवू दे.
तिथे ओठ लागत नाहीत.
तिथे प सुद्धा शहाण्यासारखा येतो.

गेल्या बुधवारी तबिथाबाई नव्हत्या.
पडल्या, बांबोळीला नेलं.
किल्ली माझ्याकडे, म्हणून मीच दार उघडलं,
मीच सतरंजी घातली.
नथानिएलकाका म्हणाले, हे प्रभू,
रुग्णशय्येवरील आमच्या भगिनीला स्पर्श कर.
मला रागच आला.
कुठली भगिनी? बांबोळीला शेकडो खाटा.
माझा हात दाबला गेला.
मी पुढे दाबला नाही.

सिलासमामा खाकरले, आणि थांबले.
समुद्र ऐकू येत होता,
कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी.

अरे, म्हटलं मी.
असंच निघालं तोंडातून. अरे,
ऐकतोस ना. ती तबिथा. तिसरा मजला.
खिडकीकडची खाट मिळते का बघ.
लिफ्टला घाबरते ती, डॉक्टरला सांगणार नाही.
डाळ भिजत घातली होती, ती मी वाटून टाकली.
मांजर माझ्याकडे आहे, खाते आहे.
तेवढा तिचा

आणि समोर तो.
दुसरा शब्द शोधला. तंगडी म्हणू?
देवापुढे तंगडी?
ओठ मिटून बसले.
कोणी मला शब्द पुरवला नाही.
सिलासमामांचा हात घामेजला, की माझा,
सोडला मात्र नाही.
मग तो आला, थुंकीसकट,
तीन तुकडे होऊन:
प… प… पाय. तिचा पाय बरा कर.

आमेन म्हणायचं मी विसरले.
नथानिएलकाकांनी म्हटलं, हळू,
एकच शब्द, त्यांच्या मानाने फारच लहान.
मग मी हात दाबला.
सिलासमामांना काही सुचेना.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
त्यांना वाट बघावी लागली.

आज पुन्हा बुधवार आहे.
बघू.
मांजर अजून माझ्याकडेच आहे.